तिखटगोड रसाचें कुळ

शेंद्र्यांतील घरींहि आज आलें, लसूण व मिरची तेलांत परतून, त्यांत सोया सॉस, व्हिनेगर, साखर आणि पाण्यांत कालविलेलें कॉर्नफ्लोअर घालून दाट, तिखटगोड रस करितात व त्यास ‘चिनी’ म्हणतात. सोया चीनचा खरा. पण मिरची पोर्तुगीजांनीं अमेरिकेंतून आणिली, आणि या धर्तीच्या रसांतलें ‘मांचूरियन’ १९७५ सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियांत, कलकत्त्यांत जन्मलेल्या नेल्सन वांग यांनीं सिद्ध केलें, असें प्रसिद्ध आहे. त्यांच्याच समाजांतील सुमारें तीन हजार लोकांना १९६२ च्या युद्धकाळीं परके ठरवून राजस्थानांत देवली येथें स्थानबद्ध करण्यांत आलें होतें. अवघ्या तेरा वर्षांनीं जन्मलेली ही चव मात्र देशानें आपली मानली. ताटांतला पदार्थ चटकन आपला होतो. वाढणाऱ्या हातास तो मान उशिरां मिळतो.