सात वाजून पाच मिनिटांनी

सकाळी 9.20. गावच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाची 112 पानं लावून झाली होती. दुसऱ्या दिवशी आठला ती छापखान्यात द्यायची होती. 2009 साली घेतलेला माझा संगणक अचानक बंद पडला आणि आपला आपणच सुरू झाला. डोक्यावरचा पंखा फिरत होता, म्हणजे लाइट गेली नव्हती. मी काम पुढे चालू ठेवलं. हार्डडिस्क जायला तेव्हा पावणेदहा तास होते.

10.45. परत तेच. यूपीएसची बॅटरी उतरली असेल म्हणून वायर थेट भिंतीतल्या प्लगला लावली. वीस मिनिटांत पुन्हा बंद. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नोंद होती, कर्नल-पॉवर 41. या नोंदीवरून एवढंच कळतं की विंडोज रीतसर बंद न होता यंत्र थांबलं. का थांबलं, ते कळत नाही.

दुपारी 1. कॅबिनेट उघडलं. हीटसिंकवर धुळीचा थर, प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. धूळ उडवली, नवी पेस्ट लावली. बायोसमध्ये तापमान 52 अंश. दीड तास यंत्र नीट चाललं आणि मला वाटलं, दोष सापडला.

3.15. मुखपृष्ठाचा मोठा फोटो उघडला आणि पडदा काळा. रॅमच्या दोन्ही पट्ट्या खोडरबरनं घासल्या, एकेक लावून पाहिली. फरक नाही.

5.30. दुरुस्तीवाला मुलगा आला. त्यानं मल्टिमीटरची एक पिन पिवळ्या वायरला, दुसरी काळ्या वायरला लावली. 12 व्होल्टची ही लाइन 11.4 च्या खाली जाता कामा नये. आकडा 11.8 होता. "ताई, तो फोटो उघडा." 11.3, 10.9, आणि यंत्र बंद.

एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, त्यानं उघडला नाही, कारण प्लग काढल्यावरही आत विजेचा धोकादायक दाब शिल्लक असतो. जाळीतून टॉर्च मारली. कॅपॅसिटरच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते, आत वायू साठला की तिथूनच तो उकलावा म्हणून. चांगल्या कॅपॅसिटरचं डोकं सपाट असतं. याचं टम्म फुगलेलं होतं आणि खाचेत तपकिरी खरपुडी धरली होती. इतक्या वर्षांच्या उष्णतेनं आतलं द्रव्य सुकत गेलं होतं. कामाचा भार वाढला की व्होल्टेज कोसळायचं.

"बॅकअप आहे ना?"

पहिली 64 पानं पेनड्राइव्हवर होती. उरलेली 48 फक्त याच डिस्कवर.

"मग आता बटण दाबू नका. नवा एसएमपीएस घेऊन येतो, डिस्क दुसऱ्या यंत्राला लावू." तो तालुक्याला गेला.

6.55. मला धीर निघाला नाही. फायली तेवढ्या काढून घेऊ म्हणून बटण दाबलं. कॉपी सुरू झाली, हिरवी पट्टी 31 टक्क्यांवर आली आणि पडदा काळा झाला.

7.05. यंत्र आपोआप सुरू झालं. आतून टक्, टक्, टक् असा आवाज. डिस्क सापडत नाही, असा संदेश.

नव्या एसएमपीएसवर संगणक आजही चालतो. डिस्क परत आली नाही. ती 48 पानं आम्ही तिघांनी हस्तलिखितांवरून पुन्हा टाइप केली, अंक भाऊबीजेनंतर निघाला. तुमचा जुना संगणक असा बंद पडू लागला, तर दोष शोधत बसण्याआधी डिस्क काढा आणि दुसऱ्या यंत्रावर फायली उतरवून घ्या.