विळ्याच्या पेशी आणि हृदयाचा स्नायू

यवतमाळ जिल्ह्यात ‘सिकलसेल’ हे नाव अपरिचित नाही. परंतु हा रक्ताचा विकार हृदयाच्या स्नायूलाही हळूहळू ग्रासतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशींचे प्रथम वर्णन केले. भारतात हा विकार १९५२ साली निलगिरीच्या डोंगराळ भागात आढळला. १९५८ साली नागपूरचे शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातील त्याचा आढळ ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात मांडला. यवतमाळसह विदर्भात तो पिढ्यान्‌पिढ्या आईबापांकडून मुलांकडे येत आहे.

रक्त फिके असले म्हणजे पुरेसा प्राणवायू पोहोचविण्यासाठी हृदयाला अधिक रक्त ढकलावे लागते, आणि त्या श्रमाने ते मोठे होते. हृदयातील सारा बदल या श्रमाचाच, अशी समजूत दीर्घकाळ होती. इकोच्या तपासणीत आकुंचन ठीक दिसले की धोका नाही असे वाटे.

ही समजूत एमआरआयने हलविली. १९४६ साली ब्लॉख व पर्सेल यांनी दाखविले की, चुंबकक्षेत्रातील अणुकेंद्रे नभोलहरींना प्रतिसाद देतात. १९७३ साली लॉटरबर यांनी त्यावरून चित्र रेखाटले. ज्या जातीच्या लहरींवर नभोवाणीचा आवाज घरी येतो, त्याच जातीच्या लहरी शरीराच्या आतील वार्ता बाहेर आणतात. गॅडोलिनियमचे द्रव्य शिरेवाटे दिले असता ते स्नायूच्या पेशींत न शिरता पेशींमधल्या जागेत पसरते. तंतू माजले की ही जागा वाढते, आणि ती किती वाढली हे मोजता येते.

सिनसिनाटी येथील वैद्यांनी २०१७ साली सिकलसेलचे २५ रुग्ण असे तपासले. निरोगी हृदयात ही जागा सुमारे एकचतुर्थांश असते. या रुग्णांत ती सरासरी शेकडा ४४ भरली, आणि विखुरलेले तंतू सर्वांतच आढळले. असा स्नायू आकुंचन पावतो. पण नीट सैल पडत नाही. दम लागणे हे केवळ रक्ताच्या उणिवेचेच लक्षण नव्हे, हे त्यावरून उमगते.

रुग्ण थोडे होते, आणि ही तपासणी खर्चाची आहे; म्हणून गावोगावी तिची वाट पाहणे उचित नव्हे. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यात पहिली पायरी रक्ताच्या थेंबाचीच आहे. मात्र ज्याच्या रक्तात हा रोग ठरला, त्याच्या हृदयाची विचारपूस तक्रारीपूर्वीच व्हावी. कारण हा स्नायू बराच काळ मुकाट्याने सोसतो.