शिवडीतील इटालियन युद्धकैद्यांचे स्मृतिस्थळ

मुंबईतील शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत, जेथे बोरीबंदर स्थानकाचे वास्तुशिल्पी एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स आणि होमरूल चळवळीतील टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा विसावले आहेत, तेथेच दुसऱ्या महायुद्धात भारतात बंदिवासात वारलेल्या इटालियन सैनिकांचे अस्थिस्मारक, म्हणजे ठिकठिकाणच्या कबरींतील अवशेष एकत्र जतन करणारी वास्तू, आहे.

डिसेंबर 1940 ते फेब्रुवारी 1941 या काळात उत्तर आफ्रिकेत इटलीचे सव्वा लाखाहून अधिक सैनिक ब्रिटिश फौजांच्या हाती लागले, आणि पुढे पूर्व आफ्रिकेतही, विशेषतः 27 मार्च 1941 रोजी केरेनचा डोंगरी मोर्चा पडल्यावर, ही संख्या वाढत गेली. केरेनच्या त्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही होते, म्हणजे ज्यांच्या गावाकडची माणसे परळ-लालबागच्या गिरण्यांत राबत होती असे शिपाई तेथे इटालियनांशी लढत होते. एवढ्या कैद्यांना इजिप्तमध्ये पोसणे आणि पहाऱ्यात ठेवणे कठीण असल्यामुळे त्यांपैकी 60 हजारांहून अधिक जणांना समुद्रमार्गे भारतात आणून बैरागढ, बंगळूर, डेहराडून आणि कांगडा खोऱ्यातील योल येथील छावण्यांत ठेवण्यात आले. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवली, तरी अनेकांची सुटका 1946 पर्यंत लांबली. आजाराने खंगलेले काही जण तर घरी परतलेच नाहीत. रणात पडलेल्याला निदान वीरमरणाचा मान मिळतो, छावणीतल्या खाटेवर मेलेल्याला तोही मिळत नाही, आणि म्हणूनच अशा मृत्यूची नोंद अधिक काळजीने ठेवली पाहिजे. 1929 च्या जिनिव्हा करारानेही बंदिवासात वारलेल्यांचे दफन सन्मानाने व्हावे आणि त्यांच्या कबरींवर खूण असावी, असे बंधन घातले होते.

त्याआधीच्या, पहिल्या महायुद्धात मराठी शिपायांच्या वाट्याला मात्र हा न्याय पूर्णपणे आला नाही. 29 एप्रिल 1916 रोजी मेसोपोटेमियातील कुट येथे सहाव्या पुणे डिव्हिजनने तुर्कांपुढे शरणागती पत्करली. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. वाळवंटातील पायपीट, उपासमार आणि आजार यांनी त्यांतील कितीतरी कैदी दगावले. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मरण पावलेल्या, पण ज्ञात कबर नसलेल्या सैनिकांसाठी 1929 मध्ये बसरा येथे स्मारक उभे राहिले तेव्हा भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, सामान्य शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या लिहिली गेली. ही विषमता उघड अन्यायाची होती.

परक्या देशाच्या मृत कैद्यांना शिवडीने जागा दिली, ही मुंबईला भूषणावह गोष्ट आहे. तोच मान आपल्या शिपायांनाही मिळायला हवा. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील ज्या गावांतून कुटचे शिपाई गेले, तेथील इतिहासप्रेमींनी आता लष्करी नोंदींतून त्यांची नावे शोधून आपापल्या गावात कोरावीत.