करवीरची राजधानी : वाडे आणि एक चहाचे हॉटेल



राजधानी कशाला म्हणावे, हा प्रश्न सांगोल्यात विचारताना वक्त्याला फारशी प्रस्तावना करावी लागत नाही. १७५० साली यमाजी शिवदेवाचे बंड मोडण्यासाठी सदाशिवरावभाऊ छत्रपती रामराजांना घेऊन येथे आले आणि येथेच तो इतिहासप्रसिद्ध करार झाला. गादी सातारची सातारलाच राहिली. वाडा राहिला, मानमरातब राहिले. कारभार तेवढा पुण्यास गेला. तेव्हा नुसता वाडा पाहून राजाच्या सत्तेचा अंदाज बांधू नये, हे निदान आपल्या गावाला तरी कोणी शिकवायला नको.

हीच कसोटी हाती घेऊन आज आपण छत्रपतींच्या दुसऱ्या गादीच्या राजधानीत, कोल्हापुरात हिंडू. आपल्या स्टेशनावरून मिरज गाठावी. तेथून पुढे संस्थानाने बांधलेला, १८९१ साली सुरू झालेला लोहमार्ग आहेच.

पाहुणा प्रथम जातो तो नव्या राजवाड्यात. काळ्या घडीव दगडाची ती इमारत १८७७ ते १८८४ या काळात उभी राहिली. आराखडा मेजर मँट या इंग्रज शिल्पकाराचा. बडोद्याचा लक्ष्मीविलासही मुळात त्याच्याच कल्पनेतला, आणि कोल्हापूरचा टाऊन हॉलही त्याचाच. घुमट, कमानी, घड्याळाचा मनोरा, सारेच डोळ्यांत भरते. परंतु तारखांकडे पाहा. त्या वर्षांत संस्थानाच्या गादीवर अल्पवयी राजे होते आणि कारभारावर इंग्रज सरकारची देखरेख होती. राजवाडा चढत होता तेव्हा राजसत्ता चढत होती असे मुळीच नव्हे. सांगोल्याच्या कराराची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

रंकाळ्याच्या काठचा शालिनी पॅलेस तर अगदी अलीकडचा, १९३१ ते १९३४ मधला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९८७ साली या राजवाड्याचे हॉटेल झाले. राजाच्या महालात दाम मोजून कोणालाही एक रात्र निजता येऊ लागले. काहींना यात वैभवाची विटंबना दिसली. मला तसे वाटत नाही. रिकामा वाडा वटवाघळांना देण्यापेक्षा पाहुण्यांना दिलेला बरा. मात्र तेथे दार उघडत होते ते पैशाने, एवढे ध्यानात ठेवावे. कारण ज्या हॉटेलासाठी मी आपणांस येथवर आणले, त्याचा न्याय निराळा होता.

ते भाऊसिंगजी रस्त्यावर होते. भावनगरचे भावसिंहजी हे शाहू महाराजांचे राजकोटच्या शाळेतले स्नेही. रस्त्याला नाव त्यांचे. हॉटेल कसले, साधे चहाचे दुकान. मालक गंगाराम कांबळे, जातीने महार, पूर्वी महाराजांच्याच पागेत चाकरीला. तेथे पाण्याला शिवला म्हणून बरोबरीच्या नोकरांनी त्याला बेदम मारले. महाराज परगावाहून परतताच त्याने गाऱ्हाणे घातले. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामला सांगितले की, चाकरी सोड, स्वतःचा धंदा काढ.

त्याने दुकान थाटले. कपबशा स्वच्छ, चहा चांगला. पण महाराच्या हातचा चहा प्यायचा कोणी? गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराजांची गाडी दुकानापुढे थांबू लागली. महाराज चहा मागवीत, स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही देत. ती मंडळी कोण, तर दरबारी माणसे, उच्चवर्णीय. कप हाती घ्यावा तर जात जाते, न घ्यावा तर राजाची मर्जी जाते! कोल्हापुरात असे सांगतात की, सहीसाठी कागद घेऊन येणाऱ्यालाही आधी गंगारामचा चहा घ्यावा लागे.

याच राजाने १९०२ साली सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या, १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग काढले आणि १९१९ साली सार्वजनिक विहिरी, शाळा व दवाखाने यांतून अस्पृश्यता काढण्याचे हुकूम दिले. पण हुकूम कागदावर राहू शकतो, हे महाराज ओळखून होते. पाणवठ्यावरचा माणूस गॅझेट वाचून वागत नाही. त्याने पाहिले पाहिजे. आणि भर रस्त्यात, दिवसाढवळ्या पाहिले पाहिजे. म्हणून चहा राजवाड्यात मागविला नाही. छत्रपतीच दुकानाशी आले.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. महाराजांनी गंगारामला पुन्हा पागेत सुरक्षित ठेवता आले असते, चार पैसे अधिक देता आले असते. त्यांनी त्याला मालक केले. राजाने दिलेला चहा पिणे निराळे आणि गंगारामने विकलेला चहा विकत घेणे निराळे.

महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांचे खासबाग मैदान आहे, त्यालगतचे नाट्यगृह आहे. ते ८ ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळाले तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. चहाच्या दुकानाला मात्र ना शिल्पकार होता, ना घुमट. कोल्हापूरला गेलात तर राजवाडा अवश्य पाहा; पण परतताना भाऊसिंगजी रस्त्याने पायी या, आणि वाटेत कोठेतरी थांबून एक कप चहा घ्या. मालकाची जात आता आपण विचारणार नाही. १९२० च्या सुमारास तोच पहिला प्रश्न असे.