नागमोडी रेघ आणि तारका : चिकित्सक महाभारत कसे वाचावे?

'भांडारकर संस्थेने महाभारतातून गणपती काढून टाकला' हे वाक्य आम्हां सोलापूरच्या विद्यार्थ्यांच्या गप्पांतही अधूनमधून ऐकू येते. आजचा धागा त्याविषयी.

संगणक-अभियंते 'गिट' या प्रणालीत फाइलींच्या आवृत्त्या सांभाळतात. तीत 'रीसेट' या आज्ञेला 'सॉफ्ट' पर्याय जोडला तर फाइलींतील मजकूर तसाच राहतो. 'हार्ड' जोडला तर न नोंदवलेले बदल पुसले जातात. पर्यायाचा अर्थ चुकला की केलेले काम जाते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरापुढेही प्रश्न आवृत्त्यांचाच होता. 1919 मध्ये आरंभलेले आणि 1966 मध्ये पूर्ण झालेले हे कार्य शारदा, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांतील 1,259 हस्तलिखितांवर उभे आहे. 1925 मध्ये संपादनाची धुरा विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे आली. केंब्रिजमध्ये गणित शिकलेला हा विद्वान नेमकेपणाविषयी विलक्षण आग्रही होता. 1933 मध्ये पूर्ण झालेल्या आदिपर्वास 'प्रोलेगोमेना' ही विस्तृत प्रस्तावना आहे. पद्धतीचा आणि खुणांचा उलगडा तीतच सापडतो.

शब्दाखालील नागमोडी रेघ म्हणजे संपादकाने हा पाठ स्वीकारला आहे, पण त्याविषयी पूर्ण निश्चिती नाही. एम. ए.च्या पहिल्या वर्षी मी ती 'प्रक्षिप्त' मजकुराची खूण समजलो आणि भर चर्चासत्रात तसे वाचूनही दाखवले! अर्थ जवळजवळ उलटा आहे. रेघ असलेला शब्द संहितेतच असतो. संपादक केवळ आपली शंका लपवत नाही.

तारकांकित ओळी निराळ्या. त्या काही हस्तलिखितांत आहेत, पण मूळ संहितेच्या असल्याचा पुरेसा आधार नाही. म्हणून त्या क्रमांकासह पानाच्या तळाशी दिल्या आहेत. दीर्घ प्रसंग परिशिष्टात जातात. कोणत्या हस्तलिखितांत काय आहे, याची नोंद सोबत असतेच. 'गिट'मधले 'हार्ड' येथे कुठेच नाही. संपादकाचा निर्णय ज्याला पटत नाही, त्याला तो तपासण्याची सामग्री त्याच खंडात मिळते. आमच्या पिढीची अडचण एवढीच की आपण बहुधा केवळ संहितेची उतरवून घेतलेली प्रत वाचतो आणि तळटीपा मागे राहतात.

आता गणपती. व्यासांनी सांगावे आणि गणेशाने लिहावे, हा प्रसंग अनेक हस्तलिखितांत नाही. म्हणून तो संहितेत घेतलेला नाही. आदिपर्वाचा खंड उघडून परिशिष्ट काढा. तो तेथे आरंभीच छापलेला आहे, पाठभेदांसह.