अंगणात, ओसरीत ठेवायला सोफा घेताय? आधी हे तपासा

शिरूर/दौंड : नवीन घर बांधलं की पुढं ओसरी किंवा पोर्च असतोच. पाहुणे, दूधवाला, सोसायटीची माणसं सगळी तिथंच बसतात. बाज आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या जागी आता सोफा येऊ लागलाय. पण हॉलमधला सोफा बाहेर ठेवला की प्लायवूड फुगतं, फोम कुजतो आणि उसाच्या बिलातले पैसे वाया जातात. म्हणून घेण्याआधी पुढच्या गोष्टी बघून घ्याव्यात.

आधी ऊन बघा

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. पाऊस कमी, ऊन जास्त. एप्रिल-मे महिन्यात पारा 40 अंशांच्या आसपास जातो आणि त्यातच वळवाचा पाऊस वाऱ्यासकट ओसरीत शिरतो. त्यामुळं सोफ्याला पावसाइतकंच उन्हाचंही भ्या. पश्चिमेकडं तोंड असलेल्या ओसरीत दुपारनंतर ऊन थेट आत येतं, तिथं साधं प्लास्टिक लवकर ठिसूळ होतं.

सांगाडा कशाचा?

लोखंडी : गावातला वेल्डर मापानं बनवून देतो, मोडला तर जोडूनही देतो. पाइप 16 गेजचा मागा. गेजचा आकडा जितका कमी तितका पत्रा जाड, म्हणजे 18 गेज पातळ (सुमारे 1.2 मिमी) आणि 16 गेज जाड (सुमारे 1.6 मिमी). पाइपची तोंडं बंद असावीत, नाहीतर पाणी आत साचून आतनं गंज धरतो. आधी रेड ऑक्साइड, मग ऑइलपेंट. वेल्डिंगचे सांधे दरवर्षी पावसाळ्याआधी बघावेत.

लाकडी : सागवान टिकतं, पण महाग. बाभूळ मजबूत, पूर्वी बैलगाडी, औतं त्याचीच असायची. मात्र लाकूड नीट वाळलेलं हवं, ओल्या बाभळीला भुंगा लागतो. पाय थेट मातीवर टेकवू नका, वाळवी चढते. खाली रबरी बूट किंवा फरशीचा तुकडा ठेवा.

वेताचा : दुकानात 'वेताचा' म्हणून दाखवतात तो बऱ्याचदा प्लास्टिकच्या पट्टीचा असतो. पट्टी उन्हाला टिकणारी (यूव्ही) आहे का आणि आतला सांगाडा कशाचा, हे विचारून पावतीवर लिहून घ्या. खरा वेत सावलीतच ठेवावा.

बांधीव ओटा : भिंतीला लागून विटांचा ओटा, वर शहाबादी फरशी आणि सुटी गादी. गंज नाही, वाळवी नाही, चोरीची भीती नाही. काळा कडप्पा उन्हात फार तापतो, तो टाळावा.

गादी आणि उंची

रेक्झिन उन्हात तापतं, घाम येतो आणि पुढं तडे जातात. चेन असलेलं, काढून धुता येणारं जाड कापडी कव्हर बरं. फोम 40 डेन्सिटीचा घेतला तर लवकर बसत नाही. गाद्या सुट्या असाव्यात, म्हणजे पाऊस आला की उचलून आत नेता येतात. ताडपत्रीत गच्च गुंडाळून ठेवल्या तर बुरशी धरते.

बैठक जमिनीपासून 17 ते 18 इंच उंच हवी. फार खोल, खाली बसणाऱ्या सोफ्यातनं गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना उठता येत नाही. दुकानात घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून, उठवून बघा.

जागा निवडताना

सोफ्याखाली निदान सहा इंच मोकळं ठेवा, झाडू फिरला पाहिजे. बंद खोक्यासारख्या सोफ्याखाली उंदीर येतात आणि उंदरामागं साप.

घोड, कुकडी आणि भीमेकाठच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. त्यामुळं सोफा घराच्या भिंतीला पाठ लावून ठेवा, उसाकडं पाठ करून बसू नका. वर दिवा हवाच. खाली बसलेलं किंवा वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटू शकतं. अंधार पडल्यावर पोरांना तिथं एकटं सोडू नये. बिबट्या दिसला तर वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवावं.