सनदेपर्यंतची वाट आणि सनदेनंतरची वर्षे
(विधी शिक्षणाच्या अर्थसाहाय्याचा एक मागोवा)

ज्ञानदानाचे महत्त्व आपल्या परंपरेने आहारदान, औषधदान आणि अभयदान यांच्या बरोबरीने सांगितले आहे. या दानाचे आधुनिक रूप म्हणजे शिष्यवृत्ती. समाजातील होतकरू मुलामुलींच्या शिक्षणाला हातभार लावण्याचे कार्य मुंबई आणि उपनगरांतील अनेक धर्मादाय संस्था पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या आहेत. मात्र सर्व विद्याशाखांची गरज सारखी नसते. वैद्यकीय विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी रुग्णालयात काम करताना विद्यावेतन मिळते. अभियंत्याला पदवीबरोबर नोकरी मिळण्याची शक्यता असते. विधी पदवीधराची परीक्षा मात्र पदवीनंतर सुरू होते. त्याला सनद काढावी लागते, ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करावी लागते आणि अशील दाराशी येईपर्यंत धीर धरावा लागतो.

म्हणूनच विधी शिक्षणाच्या खर्चाचे तीन भाग पडतात : महाविद्यालयाचे शुल्क, शिक्षणकाळातील निर्वाह आणि सनदेनंतरची प्रतीक्षा. या तीन खर्चांचा भार कोणी, कसा आणि कुठपर्यंत उचलला, याचा इतिहास उद्‌बोधक आहे.

लोकवर्गणीतून उभे राहिलेले अध्यासन

मुंबईतील विधी शिक्षणाचा पायाच मुळी लोकांच्या देणगीतून घातला गेला. मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर अर्स्किन पेरी १८५२ साली निवृत्त झाले. त्यांच्याविषयीच्या आदरापोटी नागरिकांनी निधी जमविला आणि त्यातून न्यायशास्त्राचे ‘पेरी अध्यासन’ निर्माण झाले. १८५५ साली या अध्यासनाभोवती सुरू झालेल्या विधिवर्गांतूनच आजचे शासकीय विधी महाविद्यालय विकसित झाले. मुंबई विद्यापीठाची स्थापना त्यानंतर दोन वर्षांनी, १८५७ साली झाली. एखाद्या न्यायाधीशाचा पुतळा उभारून थांबण्याऐवजी त्याच्या नावे विद्येचे आसन उभारावे, ही त्या पिढीची दृष्टी आजही अनुकरणीय वाटते.

शिक्षक आणि वर्ग यांची सोय अशा रीतीने झाली. विद्यार्थ्याच्या खर्चाची सोय मात्र ज्याची त्याने करायची होती.

एक रुपया चार आण्यांचा दंड

ही सोय करणे किती कठीण होते, हे मोहनदास करमचंद गांधी यांच्या उदाहरणावरून दिसते. बॅरिस्टर होण्यासाठी इंग्लंडला जाण्याचा सल्ला त्यांना कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी दिला आणि खर्चाचा अंदाज चार ते पाच हजार रुपये सांगितला. वडिलांच्या निधनानंतर एवढी रक्कम उभी करणे कुटुंबाला सोपे नव्हते. पोरबंदर संस्थानाकडून साहाय्य मिळावे म्हणून ते तेथील प्रशासक लेली यांना भेटले. आधी बी.ए. व्हा, तूर्त मदत मिळणार नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. अखेर वडीलबंधूंनी पैशाची जबाबदारी स्वीकारली. आईच्या मनातील शंका दूर करण्याचे काम बेचरजी स्वामी या जैन साधूंनी केले. त्यांच्यासमोर मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतल्यावरच मातेची संमती मिळाली.

मुंबईत पोहोचल्यावर जातीची सभा भरली. समुद्र ओलांडणाऱ्या या तरुणाला बहिष्कृत ठरविण्यात आले आणि त्याला मदत करणाऱ्या किंवा निरोप देण्यास बंदरावर जाणाऱ्या प्रत्येकास एक रुपया चार आणे दंड जाहीर झाला. ज्या नातलगाकडे पैसे ठेवले होते त्याने जातीच्या भयाने ते देण्यास नकार दिला. तेव्हा कुटुंबाच्या एका स्नेह्याने प्रवासखर्चापुरती रक्कम उसनी दिली आणि ती पुढे वडीलबंधूंकडून वसूल करण्याचे ठरले. ४ सप्टेंबर १८८८ रोजी गांधीजी मुंबईहून निघाले ते या उसनवारीच्या बळावर.

वीरचंद गांधी यांचा इशारा

जून १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन गांधीजी परतले आणि काही महिन्यांनी त्यांनी मुंबईत वकिलीस आरंभ केला. या काळात त्यांचा स्नेह वीरचंद राघवजी गांधी यांच्याशी जुळला. १८९३ साली शिकागो येथील सर्वधर्म परिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व करणारे हेच ते वीरचंदभाई. महुवा येथे १८६४ साली जन्मलेले वीरचंदभाई तरुण वयातच जैन समाजाच्या मध्यवर्ती संस्थेचे चिटणीस झाले होते. शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवरील कराच्या प्रकरणात त्यांनी समाजाची बाजू निष्ठेने सांभाळली होती. तीर्थक्षेत्रांचे खटले लढविताना कायद्याचे ज्ञान समाजाला किती आवश्यक आहे, याचा अनुभव त्यांच्याइतका क्वचितच कोणाला असेल.

त्या वेळी ते सॉलिसिटरच्या परीक्षेची तयारी करीत होते. गांधीजींनी आत्मकथेत नोंदविल्याप्रमाणे, वीरचंदभाई त्यांना मुंबईच्या बड्या वकिलांच्या गोष्टी सांगत आणि सावधही करीत. बॅरिस्टरला पाच-सात वर्षे नुसते बसून काढावी लागणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. म्हणूनच आपण सॉलिसिटरचा मार्ग धरला, आणि तीन वर्षांत स्वतःचा खर्च भागविता आला तरी भाग्य समजावे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

हा इशारा लवकरच खरा ठरला. लघुवाद न्यायालयातील पहिल्याच खटल्यात, तीस रुपये शुल्क घेऊन उभे राहिलेल्या गांधीजींच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी ते काम दुसऱ्या वकिलाकडे सोपविण्यास सांगितले. पुढे पंचाहत्तर रुपये वेतनाच्या शिक्षकाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. पदवीधर नसल्याच्या कारणावरून तीही मिळाली नाही. सुमारे सहा महिन्यांनी मुंबईचे बिऱ्हाड मोडून ते राजकोटला परतले. शिक्षणाचा खर्च कसाबसा निभावला होता. प्रतीक्षेचा खर्च मात्र कुटुंबाला पेलला नाही.

छप्पर आणि ताट

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात साहाय्याचे नवे रूप पुढे आले. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना आश्रय दिला. १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्याच सुमारास दिगंबर जैन बोर्डिंगही उभे राहिले. १८९९ साली स्थापन झालेली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा आणि मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या प्रयत्नांतून जैन विद्यार्थ्यांच्या निवास-भोजनाच्या प्रश्नाला संघटित उत्तर मिळू लागले. खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे शुल्काआधी राहायचे कुठे आणि जेवायचे काय, हा प्रश्न असतो, हे या मंडळींनी अचूक ओळखले.

या चळवळीचे एक अग्रणी अण्णासाहेब लठ्ठे स्वतः एम.ए., एल्‌एल्‌.बी. होते. पुढे त्यांनी कोल्हापूर संस्थानाचे दिवाणपद भूषविले आणि १९३७ साली मुंबई प्रांताच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळात अर्थखाते सांभाळले.

परतफेडीचे दान

मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ साली श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. बाहेरगावच्या उच्च शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची निवास-भोजनाची सोय हे त्याचे मुख्य कार्य. त्याच्या उभारणीत पुढाकार घेणारे मोतीचंद गिरधरलाल कापडिया हे व्यवसायाने सॉलिसिटर होते. उमेदवारीच्या काळाची कल्पना असलेला मनुष्य संस्थेच्या चिटणीसपदी होता, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे.

या संस्थेने कर्जाऊ शिष्यवृत्तीची पद्धत रुजविली. विद्यार्थ्याने शिक्षण पूर्ण करून कमावते झाल्यावर रक्कम परत करावी आणि त्या रकमेतून पुढचा विद्यार्थी शिकावा, अशी ही योजना. यात घेणाऱ्याचा स्वाभिमान राखला जातो आणि निधीही आटत नाही. दात्याचे उपकार जन्मभर वाहण्यापेक्षा ऋण फेडून मोकळे होणे विद्यार्थ्याला अधिक सुखाचे वाटते, हे मर्म या पद्धतीत आहे. कालांतराने विद्यालयाच्या शाखा अन्यत्र निघाल्या आणि अंधेरी येथील शाखेमुळे ही सोय उपनगरातही पोहोचली.

नवल भाथेना यांची मैत्री

विधी शिक्षणासाठी अर्थसाहाय्य मिळविण्याच्या धडपडीचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले. दहा वर्षे बडोदा संस्थानाची सेवा करण्याची अट त्यांना लिहून द्यावी लागली होती. १९१६ साली लंडनला येऊन त्यांनी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव नोंदविले. शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. वेतन दरमहा साडेचारशे रुपये होते, तरी परळच्या चाळीतील बिऱ्हाड काटकसरीने चालवून त्यांनी बचत केली. त्या बचतीत नवल भाथेना या पारशी मित्राकडून घेतलेल्या पाच हजार रुपयांच्या कर्जाची आणि शाहू महाराजांच्या साहाय्याची भर पडली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ साली बॅरिस्टर झाले. एका संस्थानिकाची शिष्यवृत्ती, दुसऱ्या संस्थानिकाची मदत, मित्राचे कर्ज आणि स्वतःची बचत असे चार पदर एकत्र विणले तेव्हा कुठे हे शिक्षण पूर्ण झाले.

तरीही वाट संपली नव्हती. १९२३ साली मुंबईला परतल्यावर उच्च न्यायालयाची सनद काढण्याइतके पैसेही त्यांच्याजवळ नव्हते. तेव्हाही भाथेनाच धावून आले. सनद मिळाल्यावर अशील मिळणे दुरापास्त होते. अस्पृश्य वकिलाकडे काम देण्यास लोक कचरत आणि सॉलिसिटर मंडळी पाठ फिरवीत. निर्वाहासाठी १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायद्याचे अंशकालीन अध्यापन केले. हेच बाबासाहेब १९३५ साली शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सयाजीराव आणि शाहू महाराजांचे साहाय्य इतिहासाने योग्य गौरवाने नोंदविले आहे. सनदेच्या वेळी मदत करणाऱ्या मित्राचे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते, आणि त्या मदतीवाचून आधीचे सारे साहाय्य न्यायालयाच्या दाराशी अडून राहिले असते.

उपनगरांतील बदललेले चित्र

दीर्घकाळ मुंबईचे विधी शिक्षण दक्षिण मुंबईत एकवटले होते. मुलुंड वा बोरिवलीच्या विद्यार्थ्याला पहाटेची गाडी पकडून चर्चगेटचे वर्ग गाठावे लागत आणि तेथूनच नोकरीवर जावे लागे. १९३४ साली स्थापन झालेल्या श्री विलेपार्ले केळवणी मंडळाने पार्ल्यात विधी महाविद्यालय काढल्याने पश्चिम उपनगरांची मोठी सोय झाली. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१४ साली स्थापन झाले आणि पवईत त्याचे वर्ग भरू लागले. अंधेरी, बोरिवली आणि मुलुंड येथे न्यायालये असल्याने उमेदवारीही घराजवळ करता येते.

अंतर कमी झाले, खर्च मात्र वाढला. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे वार्षिक शुल्क लाखांच्या घरात गेले आहे. राज्य शासनाच्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून पात्र विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत मिळते. बाहेरगावच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ज्यांच्या नावाने ही योजना चालते ते पंजाबरावही बॅरिस्टर होते. बँकांच्या शैक्षणिक कर्जाचा मार्गही खुला आहे. परंतु पदवीनंतर ठरावीक मुदतीत हप्ते सुरू होतात, आणि नेमक्या त्याच वर्षांत नवोदित वकिलाची मिळकत नगण्य असते.

सनदेच्या प्रश्नावर अलीकडे महत्त्वाचा निर्णय झाला. अनेक राज्यांच्या वकील परिषदा नोंदणीच्या वेळी हजारो रुपये आकारीत होत्या. अधिवक्ता अधिनियम, १९६१ मध्ये ठरविलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारांकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपये यांपेक्षा, अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी स्पष्ट केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय वकील परिषदेने नवोदित वकिलांना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये मासिक विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, बंधन नव्हे. तिची अंमलबजावणी ज्येष्ठ वकिलाच्या इच्छेवर आणि ऐपतीवर अवलंबून आहे.

समारोप

पेरी अध्यासनापासून आजवरच्या या प्रवासात समाजाने शुल्काची चिंता वाहिली, वसतिगृहांनी निर्वाहाचा भार उचलला. प्रतीक्षेच्या वर्षांकडे मात्र संस्थांचे लक्ष क्वचितच गेले. तो भार कधी वडीलभावाने, कधी मित्राने वाहिला. ज्याला असा भाऊ वा मित्र नव्हता, त्याने काळा कोट घडी करून ठेवला आणि मिळेल ती नोकरी पत्करली. अशांची नोंद कोणत्याही अहवालात सापडत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज मागविताना महाविद्यालयाच्या पावतीबरोबर सनदेचा अर्जही स्वीकारावा, उमेदवारीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी बिनव्याजी कर्जाऊ साहाय्य द्यावे, आणि त्याची परतफेड मिळकत सुरू झाल्यावरच घ्यावी. कर्जाऊ शिष्यवृत्तीचा शंभर वर्षांहून अधिक काळाचा अनुभव पाठीशी असताना उपनगरांतील धर्मादाय संस्थांना हे अशक्य नाही. समाजाचे खटले, तीर्थांचे हक्क, विधवांचे वारसे आणि भाडेकरूंची घरे यांच्या रक्षणासाठी उद्या जो वकील उभा राहायचा आहे, तो आज घाटकोपर वा मुलुंडच्या एखाद्या लहान घरात पहिल्या अशिलाची वाट पाहत असेल. तीन वर्षांत स्वतःचा खर्च भागला तरी भाग्य, असे वीरचंदभाई म्हणाले होते. ती तीन वर्षे निभावून नेण्याचे पुण्य समाजाला आजही जोडता येईल.